बटण यंत्रातून सुटलं तेव्हा : वॉकमनवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

‘१९९० नंतरचे वॉकमन म्हणजे प्लास्टिक आणि नखरे, खरं डिझाइन १९७९ च्या पहिल्या मॉडेलबरोबरच संपलं,’ असं तुम्ही लिहिलंत. हे मला अजिबात पटलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीपीएस-एल२ चा, म्हणजे सोनीच्या त्या पहिल्या वॉकमनचा, मान मीही ठेवतो. पण त्याचं प्लेचं बटण दाबलं की काय व्हायचं ते आठवा. तुमच्या बोटाच्या जोरानंच आतली पट्टी सरकायची, टेपवरचा आवाज वाचणारं हेड टेपला भिडायचं, रबरी रोलर दाबला जायचा. त्यामुळे बटण कुठं असावं हे त्या पट्ट्या आणि स्प्रिंगाच ठरवायच्या. पुढच्या चांगल्या मॉडेलांत बटण नुसता स्विच झालं. हेड ढकलायचं काम मोटर आणि एक छोटं विद्युतचुंबक करू लागलं. बटण यंत्रातून सुटलं, म्हणून तर ते हेडफोनच्या वायरीवर जाऊन बसलं! ज्या रिमोटला तुम्ही नखरा म्हणता, त्याच्यामुळे रंकाळ्यावर चालताना खिशात हात न घालता मी कॅसेटची बाजू बदलायचो.

जाडीचंही तसंच. १९८३ चा डब्ल्यूएम-२० कॅसेटच्या डबीएवढा होता खरा, पण कॅसेट घालताना ओढून मोठा करावा लागे. १९८५ च्या डब्ल्यूएम-१०१ साठी सेलच च्युइंगगमच्या पट्टीसारखा चपटा केला. कॅसेट स्वतःच सुमारे १२ मिलिमीटर जाड. ती काही बारीक होणार नाही. मग मोटर, टेपचा वेग एकसारखा ठेवणारं चाक (फ्लायव्हील), सर्किट सगळं तिच्या आजूबाजूला उरलेल्या फटीत बसवायचं. याला मी घसरण कशी म्हणू? आणि प्लास्टिकचं म्हणाल, तर वरच्या किमतीच्या कित्येक मॉडेलांना ॲल्युमिनियमचं झाकण होतं.

नंतरचे वॉकमन दुरुस्त करणं कठीण, हा तुमचा राग मात्र रास्त आहे. गेल्या पावसाळ्यात माझा एक प्लेअर उघडला, तर आतली चाकं फिरवणाऱ्या रबरी बेल्टचं पार डांबर झालेलं. मंगळवार पेठेतले रेडिओवाले काका भिंग लावून बघत म्हणाले, “लई बारीक काम हाय, वायरीची पट्टी फाटली तर माझ्यावर येऊ नगंस.” जुना वॉकमन त्यांनी चहा थंड व्हायच्या आत जोडून दिला असता.

बेल्ट शेवटी बसला. चपटा सेल कुठंच मिळाला नाही. पण त्याच डिझायनरांनी बाजूला स्क्रूनं लावायची पेन्सिल सेलची डबी सोबत दिली होती, आणि माझा प्लेअर सध्या तिच्यावरच चालतोय.