प्रीमियम भरला तरी ट्रान्सपोर्टला पत्र आपणच का लिहायचं? लातूरच्या वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची कमेंट काल दुपारी वाचली, रात्री परत वाचली. घाईत दोन ओळी टाकून भागलं नसतं म्हणून आज सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. दादांचं लातूरला टाईल्सचं दुकान आहे, गुजरातमधल्या मोरबीहून पार्ट लोडमध्ये (म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीत) माल आला, ६४ पेट्या फुटक्या निघाल्या आणि विम्याचा क्लेम रिजेक्ट झाला, कारण काय तर बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या मालाच्या पावतीवर) फुटीचा शेरा नाही आणि कळवायला ११ दिवस लावले. दादांचं म्हणणं असं की फुटक्या मालाचा क्लेम कसा करायचा हे मी मागच्या लेखात सगळं ऑफिसात बसून लिहिलंय, गाडी दारात उभी असताना पेट्या कोण मोजत बसतो, सर्व्हेअर (नुकसान तपासायला येणारा माणूस) येईपर्यंत माल हलवू नका हे सांगणं सोपं आहे, आणि प्रीमियम भरलाय तर ट्रान्सपोर्टच्या मागे दुकानदारानं का लागायचं, म्हणजे मी इन्शुरन्स कंपनीचीच बाजू घेतोय.

माल हलवू नका या वाक्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, ते मी अर्धवट लिहिलं. दुकानासमोर रस्त्यावर चार दिवस माल ठेवता येत नाही हे मला कळायला हवं होतं. खरं तर कायदाच सांगतो की नुकसान वाढू नये म्हणून मालकानं शक्य ते केलं पाहिजे, त्यामुळे चांगल्या पेट्या आत घ्या, विकायच्या तर विका, फक्त फुटक्या वेगळ्या रचून ठेवा, तुकडे फेकू नका आणि हलवायच्या आधी गाडीतच फोटो काढा, त्यात गाडीचा नंबर दिसला पाहिजे. लेखात आज दुरुस्ती करतो.

पण शेऱ्याबद्दल मी मागे हटणार नाही. कोल्हापुरात ज्या डीलरकडे मी क्लेमची कागदपत्रं बघायचो तिथे एक वयस्कर मुनीम होते. हमाल पेटी उतरवून ठेवायचा की ते कडेची पेटी हातात घेऊन कानाशी हलवायचे, आत तुकडे झाले असतील तर खडखड लगेच कळते, सगळ्या पेट्या फोडून बघाव्या लागत नाहीत. एकदा १४ पेट्या अशा निघाल्या, ड्रायव्हर सही द्यायला तयार नाही, कारण ट्रान्सपोर्टवाले त्याच्या भाड्यातून कापतात, त्या माणसाचीही अडचणच असते. मुनीमजींनी वाद घातला नाही. बिल्टीच्या सगळ्या कॉप्यांवर लिहिलं, "१४ पेट्या फुटक्या, २ पेट्या कमी, ड्रायव्हरने सही नाकारली", तारीख, वेळ, गाडी नंबर, आणि तिथल्या तिथे फोटो बुकिंग ऑफिसला व्हॉट्सॲप केला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. पाच महिन्यांनी क्लेम पास झाला, आणि सर्व्हेअरनं रिपोर्टमध्ये पहिला उल्लेख त्या शेऱ्याचाच केला होता. कोऱ्या बिल्टीवर सही म्हणजे माल चांगला मिळाला असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं, मग तो रस्त्यात फुटला की तुमच्या गोडाऊनमध्ये हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं. अशक्य नसतं पण फार जड जातं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कारण हा राग मी बऱ्याच दुकानदारांकडून ऐकलाय. कंपनी तुम्हाला क्लेमचे पैसे देते तेव्हा ट्रान्सपोर्टकडून वसूल करायचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो, सब्रोगेशन म्हणतात ते हेच. तुमच्याकडून त्यासाठी लेटर पण सही करून घेतात. पण तुमचा हक्कच बुडालेला असेल तर कंपनीच्या हातात काय येणार? कॅरेज बाय रोड ॲक्ट २००७ चं कलम १६ सांगतं की माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत ट्रान्सपोर्टला लेखी नोटीस गेली नसेल तर नंतर दावा लावताच येत नाही. लक्षात घ्या, दिवस बुकिंगपासून मोजायचे, डिलिव्हरीपासून नाही. म्हणून कंपनी नोटिशीची कॉपी मागते, आणि पॉलिसीतही हे हक्क राखायची जबाबदारी तुमच्यावर टाकलेली असते.

आणि ट्रान्सपोर्टवाला "बिल्टीवर ओनर्स रिस्क छापलंय" (म्हणजे जोखीम मालकाची) म्हणून हात झटकतो ना, त्याला घाबरू नका. ओनर्स रिस्क लिहिल्यानं ट्रान्सपोर्टची जबाबदारी संपत नाही हे सुप्रीम कोर्टानं २००० साली स्पष्ट केलंय. मात्र रकमेला मर्यादा आहे, बुकिंगच्या वेळी जास्त किंमत जाहीर करून जादा रेट भरला नसेल तर २०११ च्या नियमांप्रमाणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच जबाबदारी येते. भाडं ९,००० असेल तर ९०,००० च्या वर नाही, माल अडीच लाखांचा असला तरी. पॉलिसी लागते ती यासाठीच, नुसत्या ट्रान्सपोर्टच्या भरवशावर राहून चालत नाही.

आता तुमच्या केसकडे येतो. ११ दिवस उशीर हे कारण मला पटत नाही. उशिरा कळवलं एवढ्याच कारणावर खरे क्लेम यांत्रिकपणे नाकारू नका असं इर्डानं (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात सांगितलंय, त्याचा उल्लेख करून कंपनीच्या ग्रिव्हन्स सेलला (तक्रार विभागाला) लेखी तक्रार द्या आणि सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागा, ती मागायचा तुम्हाला अधिकार आहे. त्याआधी पॉलिसी उघडून एक गोष्ट बघा, इनलँड ट्रान्झिट क्लॉज ए आहे की बी. बी असेल तर आग, टक्कर, गाडी उलटणं अशाच गोष्टी कव्हर होतात, नुसत्या धक्क्यांनी झालेली फूट त्यात येत नाही आणि मग भांडून उपयोग नाही. ए असेल तर लढायला जागा आहे, कंपनीवाले पॅकिंग अपुरं होतं म्हणतील, तर फॅक्टरीच्या मूळ पॅकिंगचे फोटो जोडा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकारच आला तर पुण्याला इन्शुरन्स ओम्बड्समनकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारे लोकपाल) जाता येतं, दुकान तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर ते तक्रार घेतात, फी नाही, वकील लागत नाही.

पण हे सगळं नंतर. तुम्ही बुकिंगची तारीख २ एप्रिल लिहिलीये, म्हणजे १८० दिवस २९ सप्टेंबरला भरतात आणि आज ऑगस्ट संपत आलाय. तुम्ही ट्रान्सपोर्टला फक्त फोन केले असं कमेंटमध्ये दिसतंय, फोन नोटीस धरत नाहीत. उद्याच बिल्टी नंबर, तारीख, ६४ पेट्या आणि रक्कम लिहून पत्र त्यांच्या बुकिंग ऑफिसला आणि हेड ऑफिसला स्पीड पोस्टानं टाका, दोन्ही पावत्या जपून ठेवा. मसुदा जमत नसेल तर इथेच सांगा, रात्री लिहून टाकतो.