बांधावरून बेसबॉल

अमेरिकेत, पिट्सबर्गमध्ये, माझ्या घरापासून बेसबॉलचं मैदान सात मैलांवर आहे. पण तिथे चाललेल्या मॅचमध्ये काय झालं, हे मला सांगली जिल्ह्यातल्या एका उसाच्या फडातून कळतं.

याला कारण आहे. मेजर लीग म्हणजे इथली बेसबॉलची सर्वांत मोठी स्पर्धा. या लीगच्या ॲपची वर्षाची वर्गणी भरली की देशभरातले सामने दिसतात. फक्त आपल्या भागातला संघ दिसत नाही. त्याचे हक्क स्थानिक वाहिनीकडे, आणि तिचे पैसे वेगळे. आयोवा राज्यात तर स्वतःचा एकही मोठा संघ नाही, तरी शेजारपाजारचे तब्बल सहा संघ तिथल्या लोकांना ‘स्थानिक’ म्हणून वर्षानुवर्षं बंद. म्हणजे गावात विहीर नाही, आणि शेजारच्या सहा गावांच्या विहिरींवर ‘तुमच्यासाठी नाही’ अशी पाटी. वेगळे पैसे भरायला मी काही दरिद्री नाही. पण आमचा संघ बघता, पराभव विकत घ्यायचा तोही दोनदा, हे मनाला पटत नाही.

ॲपला भारतात मात्र अशी अडचण नाही. इथले संध्याकाळचे सहा चाळीस म्हणजे तिकडे पहाटेचे चार दहा. शेतीपंपाला रात्रपाळीची लाईट असेल त्या आठवड्यात माझा थोरला भाऊ, दादा, त्या वेळी उसाला पाणी पाजत असतो. एका वर्षी सहज म्हणून त्याच्या मोबाइलवर मी माझं खातं टाकून दिलं. तेव्हापासून खातं माझं, पैसे माझे, आणि मॅच दादाची. तो बांधावर बसून बघतो आणि मला फोनवर सांगतो. इथे रेडिओ आहे, फुकटही आहे. पण त्याला दादाची चव नाही.

दादाने हा खेळ कुणाकडून शिकून घेतला नाही. बघून बघून त्याने स्वतःची परिभाषा तयार केली. पिचर म्हणजे ‘फेक्या’. बॅटर म्हणजे ‘दांडकंवाला’. धाव काढताना एकेक करून गाठायचे ठिपके म्हणजे बेस. ते लांबून पांढऱ्या पोत्यांसारखे दिसतात म्हणून ती ‘पोती’. गेल्या उन्हाळ्यातला एक संवाद जसाच्या तसा देतो.

“तिन्ही पोती भरल्यात.”

“आऊट किती?”

“एकबी न्हाई. आज काय खरं न्हाई त्या दुसऱ्यांचं.”

तिन्ही बेसवर आमची माणसं, आणि तिघं आऊट झाल्याशिवाय डाव संपत नाही. म्हणजे धावा जवळजवळ नक्की. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून, याला काय झालं, अशा अर्थी पाहिलं.

“पुढं?”

“थांब. मोटर बंद पडली.”

फोन बांधावर उपडा पडलेला. दहा मिनिटं मला रातकिडे, दादाच्या चपलांचा चिखलातला आवाज आणि स्टार्टरला घातलेल्या शिव्या एवढंच ऐकू आलं. मग तो धापा टाकत परत आला.

“मोटर चालू झाली.”

“आणि मॅच?”

“तुझी पोती रिकामी. तिघंबी आऊट. धाव न्हाई.” जरा थांबून तो म्हणाला, “आमची मोटर बरी की रं. निदान परत चालू तरी हुती.”

आमच्या संघाचं नाव पायरेट्स, म्हणजे समुद्री चाचे. २०२२ च्या उन्हाळ्यात आई सहा महिने इथे होती. तिने नावाचा अर्थ विचारला. मी सांगितला. ती म्हणाली, “म्हंजे दरोडेखोरच की. मग हे दुसऱ्याचं लुटत का न्हाईत?” याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. आमचे चाचे असे की येणारं प्रत्येक जहाज त्यांनाच लुटून जातं.

मी २००३ साली इथे आलो, तेव्हा संघ सलग अकराव्या वर्षी हरत होता. म्हणजे मोसमात विजयांपेक्षा पराभव जास्त. मला कुणी सांगितलं नाही. मैदान नवं, २००१ साली उघडलेलं, नदीकाठी. मॅचच्या दिवशी पिवळा पूल गाड्यांना बंद करतात आणि माणसं त्यावरून चालत जातात. तिकीट स्वस्त. स्वस्त का, हा प्रश्न शिकलेल्या माणसाला पडायला हवा होता. नाही पडला. १९९३ पासून २०१२ पर्यंत सलग २० मोसम संघ हरला. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत एवढी लांब मालिका दुसऱ्या कुणाची नाही. त्यातली शेवटची दहा वर्षं मी स्वतः हजर राहून साजरी केलेली आहेत.

अशा संघाचे प्रेक्षक इतर गोष्टींत रस घ्यायला शिकतात. आमच्याकडे पाच डाव झाले की पिरोगींची शर्यत असते. पिरोगी म्हणजे पोलिश करंजी. आत बटाटा, चीज वगैरे. माणसं मोठाल्या करंज्यांचे सोंग घालून मैदानाच्या कडेने धावतात. आई सुरुवातीपासून हिरव्या हॅलपिन्यो मिरचीच्या करंजीच्या बाजूने होती. का, तर “तिखट हाय, पळंल.” त्या रात्री मिरची जिंकली आणि संघ हरला. घरी येताना आई गाडीत म्हणाली, “आज आपण जिंकलो.” मी काही दुरुस्त केलं नाही.

आईने आणखी एक गोष्ट केली. माझ्या कपाटात रोबर्टो क्लेमेंटेची मान हलवणारी बाहुली होती. हा कोण, म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, पोर्तो रिकोचा, १८ मोसम फक्त आमच्याकडे खेळला, बरोबर ३००० हिट्स, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, मारले. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग सांगितलं की निकाराग्वात भूकंप झाला, तेव्हा मदतीचं सामान नीट पोचत नाही म्हणून हा स्वतः विमानात बसला, १९७२ च्या ३१ डिसेंबरला. विमान समुद्रात पडलं. तो सापडलाच नाही.

आई बराच वेळ बाहुलीकडे बघत राहिली. “मग ह्याला कपाटात काय कोंबलायस?” म्हणाली, आणि तिने त्याला देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवलं. गंध लावलं. तेव्हापासून आमच्याकडे आरतीला घंटा वाजली की क्लेमेंटे मान डोलावतो. बाकीचे देव काही एवढे मोकळेपणाने प्रतिसाद देत नाहीत.

त्याचा क्रमांक २१. मैदानाची उजवीकडची भिंत त्याच्यासाठी २१ फूट उंच बांधलेली आहे, आणि त्या भिंतीवर खाली ‘२१’ अशी खूण होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये बघतो तर खुणेच्या जागी एका दारूच्या पेयाची जाहिरात. लोक खवळले, त्याच्या मुलाने नाराजी बोलून दाखवली, संघाने माफी मागितली आणि खूण परत आली. आईला फोनवर सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, “तिथं देवघर कुणी बघत न्हाई वाटतं.”

देवघर कोण बघतं, हा प्रश्न दादालाही पडलेला आहे, फक्त तो हिशेबाच्या अंगाने विचारतो. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने शोहेई ओहतानी या खेळाडूला दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलर कबूल केले, हे त्याने वाचलं होतं.

“मग तुमीबी लिलावात घ्या की एखादा.”

मी सांगितलं, इथे लिलाव नाही. आयपीएलमध्ये २०२५ च्या संघबांधणीला प्रत्येकाला १२० कोटींची थैली सारखी. इथे खर्चाला कमाल मर्यादाच नाही. अमेरिकेतल्या चार मोठ्या खेळांत पगाराची मर्यादा नसलेला हा एकटाच. फार खर्च केला तर कर बसतो, तो भरायचा आणि आणखी खर्च करायचा. शिवाय ओहतानीचे ७० कोटी आत्ता द्यायचे नाहीतच. आत्ता वर्षाला २० लाख. उरलेले ६८ कोटी दहा वर्षं संपल्यावर.

“म्हंजे उधारी?”

“उधारीच.”

“आणि ज्याला उधारी मिळती तोच जिंकतो?”

२०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, डॉजर्सनेच जिंकली, त्यामुळे मी विषय बदलला. म्हटलं, श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला वाटा गरीब संघांनाही मिळतो. हे सांगायला नको होतं. दादा फोनवर खदखदून हसला.

“अनुदान म्हण की! विहिरीचं अनुदान विहिरीवरच खर्च हुतंय का, कोण बघायला येतं?”

२०१८ साली खेळाडूंच्या संघटनेने चार संघांविरुद्ध नेमकी हीच तक्रार केली होती आणि चारांत आमचं नाव होतं, हे मी दादाला आजतागायत सांगितलेलं नाही. घरातली गोष्ट घरात राहावी.

मग लीगचा प्रमुख काय करतो? त्याला कमिशनर म्हणतात. रॉब मॅनफ्रेड २०१५ पासून आहेत. त्यांना निवडतं कोण, तर तीस संघांचे तीस मालक. आमच्याकडे साखर कारखान्याच्या निवडणुकीत निदान सभासदाला जेवण तरी मिळतं. इथे आपण फक्त ऊस घालायचा. काटाही त्यांचा, दरही त्यांचा. २०२० मध्ये एका मुलाखतीत मॅनफ्रेड वर्ल्ड सिरीजच्या ट्रॉफीला ‘धातूचा तुकडा’ म्हणून गेले. नंतर माफी मागितली. गंमत अशी की त्या ट्रॉफीचं नावच ‘कमिशनर्स ट्रॉफी’. स्वतःच्या लग्नपत्रिकेला रद्दी म्हणावं, तसं झालं. आणि ज्या तुकड्यासाठी आमच्या गावाने १९७९ पासून, म्हणजे शेवटचा मिळाल्यापासून, जीव टाकलाय, तो तुकडा आम्हाला चालेल हो. गंजलेला द्या.

२०२३ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या लोकांनी संघ गावातच राहावा म्हणून एका रात्री मैदान भरवलं. एरवी ओस पडणाऱ्या मैदानात २७,७५९ माणसं आली. त्यावर कमिशनरांचा शेरा असा की एका रात्रीपुरती का होईना, सरासरीच्या जवळपास गर्दी झाली, छान वाटलं. तो संघ आता ओकलंडमध्ये नाही. सध्या सॅक्रामेंटोत भाड्याने राहतो आणि लास व्हेगासला घर बांधतोय. ते वाचल्यापासून मी आमच्या चाच्यांना मोठ्या आवाजात नावं ठेवत नाही. ऐकलं आणि निघून गेले तर काय घ्या.

पण माणसाने खरं बोलावं. याच कमिशनरांनी २०२३ मध्ये पिचरला घड्याळ लावलं. चेंडू इतक्या सेकंदांत टाकायचा म्हणजे टाकायचा. सामन्याची सरासरी वेळ तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीसवर आली. आम्हाला पूर्वी हरायला तीन तास लागायचे. आता हरून घरी येऊन गरम जेवता येतं. बायको त्या गृहस्थाला फार मानते.

आमच्याकडे चांगलं काही घडतच नाही असं नाही. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये बाद फेरीची मॅच झाली, तेव्हा मी तिथे होतो. चाळीस हजार माणसं, बहुतेक काळ्या कपड्यांत. समोर सिनसिनाटीचा पिचर जॉनी क्वेटो. सगळ्या मैदानाने त्याच्या नावाचा सूर धरला, “क्वेऽऽ-टो, क्वेऽऽ-टो”, शाळेत मास्तरांच्या मागून धरतात तसा. त्याच्या हातून चेंडू खाली पडला. उचलला, आणि पुढचाच चेंडू रसेल मार्टिनने थेट प्रेक्षकांत धाडला. शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझा मुका घेतला. पुढच्या फेरीत सेंट लुइसने आम्हाला घरी पाठवलं, पण त्या मुक्याचं काही कुणी परत नेलं नाही.

आणि आता पॉल स्कीन्स आहे. सहा फूट सहा इंच, मिशीवाला. २०२५ मध्ये त्याने नऊ डावांमागे दोनपेक्षा कमी धावा दिल्या, १.९७, लीगच्या दोन गटांपैकी आमच्या गटाचा सर्वोत्तम पिचर म्हणून साय यंग पुरस्कार एकमताने मिळाला. त्याच्या नावावर विजय दहा, पराभव दहा. बिचारा कुणालाच काही करू देत नाही, आणि आमचे दांडकेवाले त्याला बघून तोच धडा गिरवतात. दादाचा त्याच्यावर फार जीव. “सोन्यासारखा बैल हाय,” तो म्हणतो, “पर जुवाला एकटाच जुंपलाय.”

आमचा मोसम सप्टेंबरच्या शेवटी संपतो. इतरांचा ऑक्टोबरमध्ये खऱ्या अर्थाने सुरू होतो. पण ऑक्टोबरची एक तारीख आमचीही आहे. १३ ऑक्टोबर १९६०, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, समोर न्यू यॉर्कचे यांकीज. त्या मालिकेत यांकीजच्या एकूण धावा ५५, आमच्या २७. एक सामना १६-३, एक १०-०, एक १२-०, असे आम्ही धुतले गेलो होतो. तरी सातव्या सामन्याच्या शेवटच्या डावात ९-९. बिल मॅझेरोस्कीने चेंडू डावीकडच्या भिंतीपलीकडे मारला आणि मालिका आमची.

ते मैदान पाडलं. वेली चढलेली विटांची थोडी भिंत विद्यापीठाच्या आवारात उरली आहे. दर १३ ऑक्टोबरला तिथे माणसं जमतात आणि त्या दिवसाचं रेडिओवरचं समालोचन पहिल्यापासून ऐकतात. वेळ अशी जुळवलेली की मॅझेरोस्कीचा फटका बरोबर तीन छत्तीसला यावा, त्या दिवशी आला तसा. घडीच्या खुर्च्या, थर्मास, जुन्या टोप्या. ग्रंथ तोच, अध्याय तेच, फक्त पारायण.

गेल्या वर्षी मी ऑफिसात दाताचं कारण सांगून गेलो. यांकीजने नवव्या डावात बरोबरी साधली, तेव्हा माझ्या पुढची एक म्हातारी डोळे मिटून “नको, नको” म्हणत मान हलवत होती. तिला निकाल पासष्ट वर्षं माहीत असणार. मला काही तिला हसता आलं नाही, कारण मी स्वतः देव्हाऱ्यातला क्लेमेंटे खिशात घालून आणला होता आणि त्याला घट्ट धरून उभा होतो.

तीन छत्तीस. फटका. आरडाओरडा. टोप्या वर. मी तसाच दादाला फोन लावला. तिकडे रात्रीचा एक वाजून गेलेला, लाईट आलेली.

“दादा, जिंकलो!”

“आँ? कोण, आपण?”

“आपण! यांकीजला हरवलं!”

“आरं, पर तुमचं तर कवाच संपलंय न्हवं? कधीची मॅच?”

“१९६० ची.”

पलीकडे थोडा वेळ फक्त पाण्याचा आवाज.

“थांब,” दादा म्हणाला, “मोटर बंद करून येतो. पयल्यापासून सांग.”