अल्झायमर म्हणजे ‘तिसऱ्या प्रकारचा मधुमेह’ नव्हे

अल्झायमर हा मेंदूचा ‘तिसऱ्या प्रकारचा मधुमेह’ आहे, तो साखर खाल्ल्याने होतो आणि साखर सोडून रोज खोबरेल तेल घेतले की गेलेली स्मृती परत येते, हे एका अमेरिकन शास्त्रज्ञ महिलेने सिद्ध केले आहे, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यामागचे संशोधन खरे आहे आणि मोलाचेही आहे, म्हणूनच त्याच्या नावावर खपवलेल्या निष्कर्षांची तपासणी व्हायला हवी.

आधी ‘सिद्ध केले’ या शब्दांविषयी. ब्राऊन विद्यापीठातील सुझान द ला माँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2005 मध्ये अल्झायमरने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूत इन्सुलिनचे संदेशवहन क्षीण झालेले आढळले. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘हा तिसऱ्या प्रकारचा मधुमेह आहे का?’ असा प्रश्न होता. 2008 च्या आढावा लेखात त्यांनी तो प्रश्न सोडून ठाम विधान केले, हे मान्य करायला हवे. पण मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूवरून बिघाड आजाराआधीचा की आजारामुळे झालेला, हे ठरवता येत नाही. शिवाय त्यांच्या मांडणीनुसार रक्तातील साखर वाढलेली नसतानाही मेंदूत हा बिघाड होऊ शकतो, म्हणजे साखर खाण्यावर ठपका ठेवायला त्यात आधार नाही. मधुमेहाच्या अधिकृत वर्गीकरणातही हा प्रकार नाही.

दुसरा मुद्दा साखरेचा, आणि गैरसमजाचे मूळ इथेच आहे. शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या स्थितीत शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा वापरतो आणि त्यासाठी त्याला दिवसाला साधारण 120 ग्रॅम ग्लुकोज लागते. स्नायूंमध्ये ग्लुकोज शिरण्याचे दार बरेचसे इन्सुलिन उघडते. मेंदूत मात्र ग्लुकोज मुख्यतः इन्सुलिनवर अवलंबून नसलेल्या वाहक प्रथिनांमार्फत पोहोचते. त्यामुळे ‘साखर जास्त झाली, इन्सुलिन निकामी झाले, पेशी उपाशी राहिल्या’ हे स्नायूंवरून घेतलेले चित्र मेंदूला लागू पडत नाही. अल्झायमरमध्ये मेंदूचा ग्लुकोजवापर घटतो, हे पेट स्कॅनमध्ये (मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो हे दाखवणाऱ्या तपासणीत) दिसते. 1996 मध्ये एरिक रायमन यांच्या गटाला, अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-4 जनुकाच्या दोन प्रती असलेल्या पण स्मृती शाबूत असलेल्या लोकांतही ही घट दिसली. म्हणजे ती केवळ पेशी मेल्याचा परिणाम नाही, हा चयापचयाच्या संशोधनाचा अतिशय महत्त्वाचा धागा आहे. पण त्या लोकांना एकत्र आणणारी गोष्ट जनुक होती, आहारातली साखर नव्हे.

मधुमेहींना स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असतो, हे खरे आहे. पण बहुतेक मधुमेहींना अल्झायमर होत नाही आणि अनेक अल्झायमर रुग्णांना मधुमेह नसतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 289 जणांपैकी काहींना वर्षभर नाकावाटे इन्सुलिन देण्यात आले. त्यांना फायदा झाला नाही. 2025 मध्ये सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधानेही अल्झायमरची वाटचाल मंदावली नाही.

राहिले खोबरेल तेल. दीर्घ उपवासात मेंदू मुख्यतः कीटोनवर, म्हणजे यकृतात चरबीपासून तयार होणाऱ्या इंधनावर चालतो, हे जॉर्ज केहिल यांच्या गटाने 1967 मध्ये दाखवले. कॅनडातील शेरब्रुक विद्यापीठाच्या स्टीफन कुनेन यांच्या गटाला असे दिसले, की अल्झायमरमध्ये ग्लुकोजचा वापर घटला तरी कीटोन घेण्याची मेंदूची क्षमता बरीचशी टिकते. त्यांनी स्मृती सौम्य प्रमाणात घटलेल्या लोकांना सहा महिने रोज 30 ग्रॅम मध्यम साखळीचे स्निग्धपदार्थ (ज्यांपासून शरीर सहज कीटोन बनवते) असलेले पेय दिले आणि बौद्धिक क्षमतेच्या काही चाचण्यांत सुधारणा नोंदवली. हे आशादायक आहे, परंतु ते लोक अल्झायमरचे निदान झालेले नव्हते आणि ते पेय म्हणजे खोबरेल तेल नव्हे. कीटोन चांगल्या प्रमाणात तयार करणारी कॅप्रिलिक व कॅप्रिक आम्ले खोबरेल तेलात जेमतेम सातव्या हिश्शाइतकी असतात. त्याचा जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्यांवर कॅप्रिलिक आम्लावर आधारित औषधाची 26 आठवड्यांची मोठी चाचणी झाली, तीही अयशस्वी ठरली.

या मजकुराचा सर्वांत घातक भाग त्याच्या सल्ल्यात आहे. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाचा आहार घरच्यांनी डॉक्टरांना न विचारता एकदम बदलला, तर रक्तातील ग्लुकोज धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, आणि तशा तीव्र झटक्यात इजा होते ती मेंदूलाच.