भोपळा पेरायच्या दिवसांत भोपळा कोरणारे

आज 31 ऑक्टोबर. संध्याकाळचे सात वाजलेत, मेलबर्नमध्ये लख्ख ऊन आहे, कुंपणावर गुलाब फुललेत, पिल्लांच्या काळजीने पिसाटलेले मॅगपाय लोकांच्या डोक्यावर झडप घालतायत आणि माझ्या दारात सांगाड्याचे कपडे घातलेली घामाघूम पोरं चॉकलेटं मागतायत. दिली. पोरांवर राग नाही माझा.

राग आहे तो आपल्या मराठी ग्रुपवर दुपारी आलेल्या फोटोवर. आमच्या शेजारच्या आजींच्या दाराचा फोटो. भोपळा नाही, कोळिष्टकं नाहीत, फुलांचं तोरण आणि रंगीत फिती. खाली कुणीतरी लिहिलंय, "ही बाई हॅलोविन एप्रिलमध्ये करते म्हणे!" आणि त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. त्यातले निम्मे तुम्हीच आहात, म्हणून इथे लिहितेय.

आजी पेगन आहेत, म्हणजे युरोपातल्या जुन्या निसर्गपूजेच्या वाटेने जाणाऱ्या. वर्षाला आठ सण, सगळे सूर्याच्या आणि ऋतूंच्या हिशेबाने. तिकडे आयर्लंडात आज साविन, म्हणजे हिवाळा तोंडावर आलेला, गुरं डोंगरावरून खाली आणायची, गेलेल्या माणसांची आठवण काढायची. तुमचं हॅलोविन त्याच्याच पोटातून निघालंय. पण इथे आज वसंत आहे! म्हणून आजी आज बेल्टेन करतात, उन्हाळ्याच्या स्वागताचा सण, जो तिकडे 1 मेला येतो. साविन 30 एप्रिलच्या रात्री. यूल, सर्वांत मोठ्या रात्रीचा सण, जूनमध्ये, जेव्हा सव्वापाचच्या आतच सूर्य मावळतो. यात हसण्यासारखं काय आहे? भोपळ्याचं बी इथे आत्ता पेरतात हो. भोपळे हाताशी येतात मार्च-एप्रिलमध्ये. मग वेडं कोण?

2021च्या एप्रिलमध्ये बाबा गेले, नाशिकला. विमानं बंद. अंत्यसंस्कार मी फोनवर पाहिले, मध्येच नेटवर्क गेलं. पुढच्या आठवड्यात कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आज साविन आहे, रात्री जेवायला ये, तुझ्या माणसासाठी काहीतरी घेऊन ये. मी चहा नेला. बाबांना लागायचा तसा, दोन चमचे साखरेचा. टेबलावर ओकची वाळकी पानं, एक रिकामी खुर्ची, आजींच्या नवऱ्याचं ताट. त्याच्याशेजारी माझा कप.

आता आपल्याकडे बघू. जानेवारीत 40 अंशांत उष्ण तीळ खातो, ऊब राहावी म्हणून काळी साडी नेसतो आणि एसीखाली बसून उत्तरायणाचं कौतुक करतो. अहो, सूर्य उत्तरेला निघाला म्हणजे इथून आपल्याला सोडून निघाला! दिवस लहान होत चाललेत! बरं, आपलं पंचांग राशींवर आणि तिथींवर चालतं, सण असे उचलून सहा महिने पुढे ठेवता येत नाहीत, हे मलाही कळतं. मीही लाडू वळतेच. पण मग जिने पायाखालची माती बघून सण हलवले तिला हसू नका ना.

आणि ते "हा काय धर्म आहे, परवा कुणीतरी बनवलाय" वगैरे. हो, आठ सणांचं हे चक्र इंग्लंडमध्ये 1950च्या दशकात जुळवलं. मग? सार्वजनिक गणपतीला तरी कुठे दीडशे वर्षं झालीत?

इथल्या मूळ रहिवाशांचे ऋतू या चार ऋतूंत बसतच नाहीत, हेही खरं. आजींना ते ठाऊक आहे. ऑगस्टमधल्या सणाला त्या वॉटल या इथल्या झाडाची पिवळी फुलं मांडतात, कारण तेव्हा तीच फुलतात. डिसेंबरात आगबंदी लागली की शेकोटीऐवजी पाण्याच्या परातीत एक मेणबत्ती. आज मी दिवाळीत दिलेली पणती आहे त्यांच्या पायरीवर. फोटोत दिसतेय, नीट बघा.

चिडून लिहायला बसले होते, पण ती रात्रच डोळ्यांपुढे येतेय. जेवणानंतर आजी उठल्या आणि टेबलाभोवती फिरायला लागल्या, आपण देवाला प्रदक्षिणा घालतो तशा नाही, उलट्या. इथे सूर्य उत्तरेकडून जातो, उजवीकडून डावीकडे, म्हणून त्यांची फेरीही तशीच. त्यांच्या लेखी ती सुलटीच. माझा पाय अडला. आपल्याकडे उलटी फेरी चितेभोवती घालतात. मग मी फिरले. तीन फेऱ्या. नाशिकला जे राहून गेलं होतं ते त्या टेबलाभोवती केलं. आजींना मी हे आजवर सांगितलेलं नाही.

तो फोटो ग्रुपवरून काढा. आजच.

त्या रात्रीच्या भोपळ्याच्या बिया आजींनी मला पाकिटात घालून दिल्या होत्या. दर वर्षी त्याच वेलाचं बी राखून ठेवते. उद्या वाफ्यात टाकणार आहे. चॉकलेटं संपलीत, आता कुणी बेल वाजवू नका.