आधी प्रकरण दाखल करा, मग बोलू

मी वास्तुविशारद. काल दुपारी पुणे महापालिकेच्या बांधकाम परवानगीच्या टेबलावर माझ्या सात महिन्यांच्या कामावर एका ओळीचा शेरा पडला : ‘मंजूर रेखांकनानुसार रस्ता ७.५० मीटर, नकाशे सुधारून सादर करावेत.’ कर्वेनगरच्या आतल्या गल्लीतील सोळा सदनिकांच्या एका जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे हे प्रकरण, म्हणजे परवानगीचा अर्ज, आहे. शेरा चुकीचा आहे, असे मी म्हणत नाही. नेमका हाच प्रश्न घेऊन मी जून महिन्यात, कागदावर एक रेघही पक्की करण्यापूर्वी, त्याच टेबलासमोर उभा होतो, आणि म्हणूनच काल रात्रभर मला झोप लागली नाही.

जूनमध्ये माझ्याजवळ प्रॉपर्टी कार्ड, मोजणी नकाशा, झोन दाखला आणि बटर पेपरवर काढलेला इमारतीचा ढोबळ आकार, एवढेच होते. जुन्या लेआउटमध्ये गल्ली पंचवीस फुटांची, पण जागेवर भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावली तर नऊ मीटर भरते. तेव्हा एफएसआयसाठी, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल हे ठरवण्यासाठी, कोणती रुंदी धरायची, एवढेच मला विचारायचे होते. समोरच्या अधिकाऱ्यांनी बटर पेपर उघडलासुद्धा नाही. गुंडाळी टेबलाच्या कडेला सारली, तिच्यावर फायलींचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, “जागेवर नऊ आहे ना, मग नऊ धरा. लेखी हवे असेल तर आधी प्रकरण दाखल करा.” मी लेखी अर्जही दिला, आवक शिक्का घेतला आणि तीन वेळा विचारायला गेलो. अशा पत्रांना उत्तर देण्याची तरतूद नाही, असे तिसऱ्या वेळी कळले.

रुंदी ठरल्याशिवाय नकाशा होत नाही आणि नकाशाशिवाय प्रकरण दाखल होत नाही. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे गावठाणाबाहेर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय १.१० मिळतो आणि तिथेच थांबतो. नऊ मीटर भरले की प्रीमियम (शुल्क भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) धरून तोच २.०० पर्यंत जातो. म्हणजे हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर नऊशे चौरस मीटरचा फरक या एका आकड्यात आहे, आणि सोसायटीचा पुनर्विकास परवडणार की नाही, हे त्या नऊशेतच ठरते. त्याच वर्षी जुन्या हद्दीतील तीनशेहून अधिक सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला होता. तेव्हापासून या शहरातील प्रत्येक गल्ली हाच प्रश्न विचारते आहे आणि त्याचे सहीचे उत्तर द्यायला कोणी तयार नाही.

काल टेबल तेच होते, अधिकारी मात्र बदलले होते. आधीच्या साहेबांनी काय सांगितले ते मला ठाऊक नाही, असे ते म्हणाले. तेही मी समजू शकतो. पण पुढचे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. “अहो, डिझाइन करण्यापूर्वी एकदा येऊन विचारायचे ना!” मी शिक्क्याची प्रत काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी तारीख वाचली, प्रत उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाले, “हे पत्र आमच्या फायलीत नाही.” माझा आवाज चढला. बाकावर बसलेली माणसे वळून पाहू लागली. त्याची मला खंत वाटत नाही.

आणि हे पहिल्यांदा घडलेले नाही. सिंहगड रस्त्यालगतच्या एका कामात निळ्या पूररेषेबाबत, म्हणजे नदीच्या पुराची हद्द दाखवणाऱ्या रेषेबाबत, मी सुरुवातीलाच विचारले, तर एका खात्याने दुसऱ्याकडे पाठवले आणि दुसऱ्याने पहिल्याचे पत्र मागितले. ज्या शहरात २०२४ च्या जुलैत एकतानगरीतल्या घरांत पाणी शिरले, तिथे नदीकाठी किती उंचीवर बांधायचे हे विचारणारा माणूस उपद्रवी ठरतो! दुसऱ्या एका इमारतीत अग्निशमनाची गाडी वळण्यासाठी किती जागा हवी, हे आरसीसीचे नकाशे पूर्ण झाल्यावर सांगितले गेले आणि कॉलमची सगळी जाळी पुन्हा मांडावी लागली. यावर “पुण्यात हे असेच चालते” म्हणणाऱ्या व्यवसायबंधूंचा मला त्या शेऱ्याइतकाच राग येतो, कारण असे म्हणत म्हणतच आपण सगळ्यांनी ते चालवून घेतले आहे.

१९६६ च्या नगररचना अधिनियमातील कलम ४५ प्रमाणे अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळवावा लागतो. पण ते साठ दिवस प्रकरण दाखल झाल्यावर सुरू होतात. त्याआधीच्या प्रश्नाला कसलीच मुदत नाही. जर्मनीत पूर्ण नकाशे न देता एखादाच मुद्दा लेखी विचारता येतो आणि मिळालेले उत्तर पुढे कार्यालयावर बंधनकारक राहते. इथेही शुल्क घ्या, हवे तर भरपूर घ्या, पण रस्त्याची रुंदी, रस्तारेषा आणि पूररेषा एवढ्या तीन गोष्टी सांगणारा एक सहीचा कागद पंधरा दिवसांत हातात द्या. उत्तर ७.५० आले असते तर जूनमध्येच मी सोसायटीला थांबा म्हटले असते आणि सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली झालेल्या पुनर्विकासाच्या सभेत ते खोटे ठरणारे आकडे कोणाला दाखवलेच नसते.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकू जिन्याच्या प्रत्येक वळणावर दम घेत खाली येतील. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. गेल्या सभेत त्यांनी माझ्याकडून नव्या फ्लॅटच्या नकाशाची प्रत मागून घेतली होती आणि त्यावर देवघराची जागा पेन्सिलीने स्वतः आखली होती. ती प्रत मला आता त्यांच्याकडून परत मागायची आहे.