‘जग जिंकू देणार नाही’ म्हणून आपणच आधी हरवायचं?

सध्या एक मजकूर फिरतोय. सांगणं थोडक्यात असं: मुलांबरोबर खेळताना मुद्दाम हरू नका, कधीच नाही. कारण जग कुणाला सूट देत नाही. निसर्गातही दुबळ्याला माफी नसते. मूल हरून हरूनच शिकतं, सतत जिंकणारं मूल पुढे एका पराभवात कोसळतं. आणि मुद्दाम हरणं म्हणजे मुलाशी खोटं बोलणं. मलाही हा मजकूर तिघांनी पाठवला. तिघंही एरवी शहाणे आहेत.

‘जग सूट देत नाही’ हे लिहिणाऱ्याने कुठलं जग पाहिलंय कोण जाणे. मुष्टियुद्धात वजनी गट असतात. बुद्धिबळात आठ वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा वेगळी भरते. गोल्फमध्ये नवख्याला हँडिकॅप, म्हणजे फटक्यांची सूट, मिळतो, तो ५४ पर्यंत जाऊ शकतो. ‘गो’ या खेळात तर दुबळ्या खेळाडूच्या दोनपासून नऊपर्यंत सोंगट्या डाव सुरू होण्याआधीच पटावर मांडून देतात, आणि त्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात पॉल मॉर्फीसारखा अव्वल अमेरिकन बुद्धिबळपटू हौशी लोकांशी खेळताना आपला घोडा किंवा हत्ती आधीच काढून ठेवायचा. मोठ्यांनी एकमेकांसाठी एवढ्या सोयी करून ठेवल्या आहेत, आणि सहा वर्षांच्या पोराने तेवढं कडक जगाला तोंड द्यायचं!

निसर्गाचा दाखला तर उलटाच पडतो. शिकार वेगळी, खेळ वेगळा. लाल मानेच्या वॉलबींमध्ये (कांगारूंचे धाकटे भाऊबंद म्हणा) मोठा नर लहानाशी लुटुपुटीची मारामारी करतो, तेव्हा तो पाय सपाट टेकवून बचावाच्या पवित्र्यात उभा राहतो, जोरदार फटके न मारता नुसते पंजे चालवतो, आणि खेळ लांबवण्याची धडपडही बहुतेक तोच करतो. अभ्यासकांनी हे नीट पाहून नोंदवलं आहे. पूर्ण ताकद लावली तर धाकटा निघून जाईल आणि खेळच संपेल.

आता ‘हरून हरूनच शिकतं’. यात अर्धं खरं आहे, म्हणून जरा थांबतो. बुद्धिबळात दोघांच्या रेटिंगमध्ये (खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्यात) ४०० चा फरक असेल, तर दुबळ्या खेळाडूला शंभर डावांत साधारण नऊच गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळणं अपेक्षित असतं. बरा खेळणारा मोठा माणूस आणि नुकतं शिकलेलं मूल यांच्यातलं अंतर बहुधा याहूनही मोठं. म्हणजे मूल चाळीस डाव खेळणार आणि चाळीसही हरणार. त्यातल्या एका डावात त्याने खरंच चांगली चाल केली असेल, पण निकाल तोच. मग चांगली चाल कुठली आणि वाईट कुठली हे त्याला कळणार कसं?

सतत जिंकवलेल्या मुलाचंही हेच होतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चार-पाच वर्षांच्या मुलांनी लपवलेली वस्तू शोधायची, दोन माणसं सुगावे देणार, एकाचे बरोबर आणि दुसऱ्याचे चूक. काही मुलांच्या बाबतीत खेळ असा रचला होता की कुणाचंही ऐकलं तरी वस्तू सापडायचीच. खरं सांगणारा कोण, याकडे त्या मुलांचं लक्षच राहिलं नाही. म्हणून फुकटच्या विजयाबद्दल त्या मजकुराला वाटणारी भीती मला खोटी वाटत नाही. पण त्यावरचा त्याचा उपाय तोच रोग उलटा करून देतो. दोन्हीकडे मुलाने काय केलं याचा निकालाशी संबंधच उरत नाही.

अगदी लहानांचा प्रश्न याहून सोपा आहे. झ्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये गोट्या खेळणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं, त्यात सर्वांत धाकटी मुलं एकत्र बसून आपापलं खेळतात आणि सगळी एकदमच जिंकतात. एकमेकांवर मात करण्यातला रस साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास येतो. तीन वर्षांच्या मुलाला ‘तू हरलास’ हे बजावून सांगण्यात कसला पुरुषार्थ? हरण्याची सवयच लावायची तर सापशिडी आहे. फासा वय बघत नाही, आजोबाही ९९ वरून खाली येतात.

राहिला खोटेपणाचा मुद्दा. तो मला मान्य आहे, कारण मी पकडला गेलोय. सहा वर्षांच्या भाचीशी बुद्धिबळ खेळताना माझा वजीर मी मुकाट्याने तिच्या घोड्याच्या तोंडी नेऊन ठेवला. तिने घोडा उचलला, पण चाल पुरी करेना. पट सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

‘‘मामा, तुला दिसलं नाही?’’

‘‘अरेच्चा, नाही दिसलं.’’

तिने वजीर घेतला आणि पटाच्या कडेला टाकून दिला. एरवी मारलेलं प्यादंसुद्धा ती मुठीत घट्ट धरून बसते. डाव तिने जिंकला आणि दुसरा नको म्हणाली.

पण खोटं सूट देण्यात नव्हतं, ती लपवण्यात होतं. मुलं आपापसांत हे किती स्वच्छ करतात बघा. ‘कच्चा लिंबू’ सगळ्यांसमोर जाहीर होतो. त्याच्यावर राज्य येत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं आणि तरी तो जीव तोडून पळतो.

आम्हीही मग जाहीर करून टाकलं. मी दोन्ही हत्ती काढून खेळायचं, आणि डावात एकदा तिने ‘फिरव’ म्हटलं की पट फिरवायचा, म्हणजे माझी बाजू तिची आणि तिची माझी. बाकी मी जिंकण्यासाठीच खेळतो. एकदा तिने माझी चांगली बाजू फिरवून घेतली आणि पाच-सहा चालींत घालवलीही. रडली थोडी. मग कुठे चुकलं ते दाखव म्हणाली.

परवा मोहरी मांडताना तिने माझा एक हत्ती उचलून आपणहून कोपऱ्यातल्या घरात परत ठेवला. दुसरा अजून डब्यातच आहे.