सुंगटां आणि कालवां यांच्यामधली रेघ

भाची मे महिन्यात पुण्याहून मालवणला आली ती मासे सोडूनच. प्राण्यांच्या दुःखाबद्दल लिहिणारा तत्त्वज्ञ पीटर सिंगर वाचला होता म्हणे. आईने सुरमईची तुकडी पुढे केली, नको. सुंगटां, म्हणजे कोळंबी, नको. शेवटी आई वैतागली, "मगे कालवां खा. कालवाक खंय डोळे नि खंय तोंड? तेका काय कळता?"

भाची हसत सुटली. कारण काय खावं, काय नाही याची रेघ सिंगरनीही पहिल्यांदा ओढली ती नेमकी तिथेच! १९७५ च्या 'अॅनिमल लिबरेशन'मध्ये त्यांनी लिहिलं, कोळंबी आणि कालव यांच्यामध्ये कुठेतरी थांबावं. प्रश्न मूळ इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमचा, अठराव्या शतकातला: प्राण्याला बुद्धी आहे का, बोलता येतं का, हे विचारू नका, त्याला दुखतं का ते विचारा. १९९० च्या आवृत्तीत सिंगरनी कालवंही सोडली, न जाणो दुखत असेल तर. आता परत चालतात म्हणतात. लोक याला धरसोड म्हणतात. मला उलट हाच माणूस सरळ वाटतो. आमची रेघ कॅलेंडरवर असते. सोमवारी बांगडा पाप, मंगळवारी तिरफळ घालून पुण्य. बांगड्याला वार कुठला कळायला?

त्यांचं सगळंच पटतं असं नाही. गंभीर अपंग नवजात बाळाचं आयुष्य संपवायची मुभा आईबापांना असावी, हे मत तर मुळीच नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात नेमणूक झाली तेव्हा अपंगांच्या संघटनांनी निदर्शनं केली, बरोबरच केलं. पण बांगलादेशचे निर्वासित उपाशी मरत होते तेव्हा, १९७१ साली, याच माणसाने लिहायला घेतलं, की समोरच्या तळ्यात बुडणारं मूल कपडे चिखलात घालून काढता, मग लांबचं मूल का नाही? आणि २०२१ मध्ये दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला तो वाटूनही टाकला.

शिवाय त्यांचा मुख्य रोख होता पिंजऱ्यात कोंबलेल्या कोंबड्या-डुकरांवर आणि प्रयोगशाळांवर. पहाटे होडी घेऊन जाणाऱ्या रापणकराला आधी धारेवर धरणारे (असे पुण्यामुंबईत बरेच आहेत) हे सोयीने विसरतात.

मी बांगडा सोडलेला नाही, खोटं कशाला बोलू. पण जिवंत कुर्लीचे नांगे मोडायचं काम घरात माझ्याकडे होतं, ते आता हातून होत नाही. दोन अमावास्या झाल्या, कुर्ल्या आणल्या नाहीत. बायको विचारते. भाव वाढलाय म्हणून सांगतो.